नवी आज्ञावली चालू करण्यापूर्वी

आपल्या फोनवरचे बँकेचे किंवा रेल्वे-तिकिटाचे ॲप मधूनच बदलते. काल जे बटण डावीकडे होते ते आज उजवीकडे दिसते. हा बदल कुणीतरी लिहिलेला असतो, आणि तो तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याला बऱ्याच चौक्या ओलांडाव्या लागतात. चौक्यांच्या या साखळीला त्या धंद्यातले लोक ‘पाइपलाइन’ म्हणतात, आणि नवी आज्ञावली चालू यंत्रांवर चढवण्याला ‘डिप्लॉयमेंट’. आज मी बोलणार आहे ते या चढवण्याच्या आधीच्या पायऱ्यांविषयी.

शेतकऱ्याला यातली कल्पना नवी नाही. सोयाबीन पेरण्याआधी तुम्ही १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता आणि किती उगवले ते मोजता. ७० पेक्षा कमी उगवले तर बी वाढवता, नाहीतर बदलता. पेरणी उलटल्यावर बी खराब होते हे कळून काय उपयोग?

संगणकाची सोय एवढीच, की या पायऱ्या एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतात आणि यंत्र त्या ओळीने पार पाडते. आज्ञावलीची चाचणी घे; जुन्या माहितीची प्रत काढून ठेव; लागणाऱ्या किल्ल्या आणि पत्ते जागेवर आहेत का पाहा; अमक्या माणसाची संमती येईपर्यंत थांब; मग चढव. प्रत्येक पायरी संपताना एक आकडा कळवते. ० आला तर पुढे जायचे, दुसरा कोणताही आला तर तिथेच थांबायचे. आमच्या शिक्षकबंधूंना हे चमत्कारिक वाटेल. शाळेत शून्य म्हणजे नापास, इथे शून्य म्हणजे पास! पण त्यात तर्क आहे. बरोबर येण्याची तऱ्हा एकच असते, चुकण्याच्या तऱ्हा अनेक. म्हणून बाकीचे आकडे निरनिराळ्या चुकांसाठी राखले. ‘बिघडले तरी पुढे चल’ अशीही सूचना त्या फाइलमध्ये लिहिता येते. घाईच्या दिवशी कुणीतरी ती लिहितो आणि ती तशीच राहून जाते. पहारेकरी नेमून फाटक उघडे ठेवावे, तसलाच हा प्रकार.

पायऱ्यांचा क्रमही पाहावा लागतो. समजा, खातेदारांच्या नोंदवहीत एका रकान्याचे नाव बदलायचे आहे. नवी आज्ञावली चढेपर्यंत जुनी चालूच असते, आणि ती जुनाच रकाना शोधते. म्हणून आधी नवा रकाना जोडतात, मजकूर त्यात उतरवतात, आणि जुना रकाना पुढच्या एखाद्या खेपेला काढतात. नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत जुनी कोण बुजवतो?

आता तुम्ही म्हणाल, एखादी पायरी राहिली तर एवढे काय होणार? अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर-दलालीची मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती. तिच्यासाठी लिहिलेली आज्ञावली २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने ८ यंत्रांवर चढवायला घेतली. ७ यंत्रांवर ती चढली, आठवे राहिले. त्या आठव्यावर २००३ सालापासून वापरात नसलेला एक जुना भाग तसाच पडून होता, आणि नव्या कामासाठी जी खूण ठरवली होती, तीच खूण पूर्वी या जुन्या भागाला जागे करण्यासाठी वापरत असत.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि आठवे यंत्र भराभर सौदे करू लागले. ग्राहकांचे हुकूम होते २१२. सुमारे ४५ मिनिटांत सौदे झाले ४० लाखांवर. गंमत अशी, आणि ही गंमत कडूच आहे, की बाजार उघडण्यापूर्वीच त्या यंत्रणेने चुकीचा उल्लेख असलेल्या ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना धाडल्या होत्या. पण ते इशारे म्हणून कुणी ठरवलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांकडे कुणी पाहिले नाही. नंतर धांदलीत त्यांनी उपाय केला तो असा: ज्या ७ यंत्रांवर नवी आज्ञावली नीट बसली होती, तिथूनच ती काढून टाकली. खूण चालूच होती, तेव्हा त्या सातांवरचा जुना भागही जागा झाला! तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथल्या सरकारी नियामकाने आपल्या आदेशात नोंदवले, की चढवलेले काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासले नव्हते, आणि तसे तपासावे असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. दंड झाला १ कोटी २० लाख डॉलर. यंत्राकडून हीच तपासणी करवून घेणे फारसे अवघड नसते. प्रत्येक यंत्रावरच्या आज्ञावलीचा एक ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून हिशेबाने काढलेला आकडा, घ्यायचा आणि आठही ठसे जुळतात का पाहायचे. न जुळल्यास नवी खूण चालू करायची नाही. फाइलमध्ये याला थोड्याच ओळी लागतात.