एकाएकीं लागलेला चाळा

मुलाच्या अंगीं एखादी नवी हालचाल दिसूं लागली म्हणजे तिला नांव देण्याची घाई प्रथम घरांतच होते. डोळे मिचकावणें, खांदा उडविणें, मान झटकणें, घसा पुनः पुनः खाकरणें, ह्या सर्वांना मराठी घरांत एकच शब्द आहे, तो म्हणजे चाळा. आणि थोडें रागावून बोलावयाचें झाल्यास खोड. दोन्ही शब्दांत दोष मुलाकडे जातो. मनांत आणलें तर त्याला हें थांबवितां येईल, असा त्यांचा ध्वनि आहे. डॉक्टर ह्या प्रकाराला टिक म्हणतात, व त्या शब्दांत दोष कोणाचाच नाहीं.

अमरावतीच्या एखाद्या सुशिक्षित घराची कल्पना करावी. आठ वर्षांच्या मुलाला पावसाळ्याच्या अखेरीस ताप येतो, घसा दुखतो, तीन दिवसांत तो बरा होऊन शाळेंत जाऊं लागतो. दोन आठवडे जातात, आणि एका सकाळीं त्याचे डोळे व मान त्याच्या स्वाधीन राहत नाहींत. रात्रीं दाराची कडी लागली कीं नाहीं हें तो दहा वेळां पाहतो व आईचा पदर सोडून झोपत नाहीं. आजी मीठमोहरी उतरवून टाकते आणि अंबादेवीला ओटीचा नवस बोलते. वडील त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतात. डोळे निर्दोष निघतात. खाकरतो म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे नेतात. घसाही आतां स्वच्छ असतो. शाळेंतून चिठ्ठी येते कीं मुलगा वर्गांत वेडावून दाखवितो. मग अकोल्याचे मामा निरोप धाडतात, इकडे घेऊन या. आणि बडनेऱ्याला गाडींत बसून मंडळी तिकडे निघतात. कागदांची चळत वाढत जाते, परंतु जो प्रश्न सर्वांत आधीं विचारावयाचा तो राहूनच गेलेला असतो. ही हालचाल कोणत्या जातीची?

टिक ही ठराविक हालचाल असते. तेच डोळे, तीच मान, तोच खांदा. मूल तिला थोडा वेळ आवरूं शकतें, मग आंत कांहींतरी दाटून आल्यासारखें होऊन ती पुन्हां उसळते. खेळांत किंवा चित्र काढण्यांत मन रमलें म्हणजे ती बहुधा कमी होते. 'करूं नको' म्हटलें कीं वाढते. दुसरी जात निराळी. तिला ठराविक रूप नसतें. आतां बोट, मग ओठ, मग पाय, अशी ती अंगभर वाहत फिरते. हातांतील वाटी सुटते, अक्षर बिघडतें, बाहेर काढलेली जीभ स्थिर न राहतां आंत ओढली जाते. डॉक्टरांचीं दोन बोटें घट्ट धरावयास सांगितलीं तर मुलाची मूठ आवळते, सैल पडते, पुन्हां आवळते. गाईची धार काढणाऱ्याच्या हातासारखी. वैद्यकाच्या पुस्तकांतही ह्या खुणेला गवळणीचीच उपमा आहे. ह्या रोगाचें नांव कोरिया. त्या नांवाच्या देशाशीं त्याचा संबंध नाहीं. नाच ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें आलें.

लंडनचे डॉक्टर थॉमस सिडनहॅम ह्यांनीं १६८६ सालीं त्याचें वर्णन केलें. लोक त्याला सेंट व्हायटसचा नाच म्हणत. कारण नाचाच्या वेडानें पछाडलेल्यांना युरोपांत त्या संताच्या देवळाकडे नेण्याची चाल होती. खुद्द सिडनहॅम ह्यांचा उपाय म्हणजे रक्त काढणें व जुलाब देणें. तेव्हां नवस बोलणाऱ्या आजीला हंसण्याचें फारसें कारण नाहीं. मात्र नवसापायीं तपासणी लांबली, तर तें महागांत पडतें.

कारण कोरिया हें संधिवाताच्या तापाचें एक रूप आहे. घशांत शिरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस नांवाच्या साखळीसारख्या जंतूंशीं झगडण्यासाठीं शरीर जीं द्रव्यें तयार करतें, तीं कांहीं मुलांत शत्रु व स्वकीय ह्यांतला भेद विसरतात. कोठें सांधे सुजतात, कोठें मेंदूच्या गाभ्यांतील हालचालींचा ताबा ठेवणारीं केंद्रें बिघडतात, आणि कोठें हृदयाच्या झडपा. हात-पाय कालांतरानें स्थिर होतात. झडप मात्र जन्मभर अधू राहूं शकते. हा रोग ओळखण्याचे जे नियम अमेरिकेचे डॉक्टर जोन्स ह्यांनीं १९४४ सालीं घालून दिले, त्यांत कोरियाला प्रमुख लक्षणांत स्थान आहे. घसा बरा झाल्यावर कित्येक महिन्यांनींही तो उद्भवतो, व तोंवर रक्तांतील जंतूंची खूण पुसून गेलेली असूं शकते. नळीनें ऐकून हृदय ठीक वाटलें तरी एको नांवाची ध्वनिलहरींची तपासणी म्हणूनच आवश्यक ठरते. श्रीमंत देशांतून हा ताप बहुतेक हटला आहे. भारतांतून हटलेला नाहीं.

आतां टिकेकडे वळावें. तिचा व घशाच्या तापाचा संबंध जोडला गेला तो कोरियाच्याच वाटेनें. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंतील डॉ. सुसान स्वीडो ह्यांना कोरिया झालेल्या मुलांत पुनः पुनः हात धुणें, पुनः पुनः तपासून पाहणें असे छंदही आढळले. मग कोरियावांचून, केवळ घशाच्या संसर्गानंतर, टिक व हे छंद एकाएकीं जडलेल्या पन्नास मुलांची हकीकत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केली. ह्या विकाराला पांडाज हें नांव मिळालें. जेथें जंतूचा पुरावा नाहीं अशांसाठीं २०१२ सालीं पॅन्स हें अधिक व्यापक नांव सुचविण्यांत आलें.

उत्तर सांपडलें असें पुष्कळ आईबापांना वाटलें. पण शाळकरी वयांत घसे वारंवार दुखतात, आणि टिकाही बहुधा पांच ते सात ह्या वयांतच सुरू होतात. तेव्हां एकामागून दुसरें आलें एवढ्यानें पहिल्यामुळें दुसरें झालें, असें ठरत नाहीं. आधींच टिक असलेल्या ७१५ मुलांवर अनेक देशांतील केंद्रांनीं सुमारें सोळा महिने लक्ष ठेवलें. तिचा निष्कर्ष २०२१ सालीं आला: स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गामागोमाग टिक बळावते, असें दिसलें नाहीं. एका रात्रींत उद्भवणाऱ्या विकाराचा निकाल ह्यानें लागला असें नव्हे. परंतु रक्तांतील एएसओचा आंकडा वाढलेला पाहून 'कारण सांपडलें' म्हणणें घाईचें आहे. तो आंकडा संसर्ग होऊन गेला इतकेंच सांगतो.

उपचारांतही हाच सावधपणा हवा. घशांत जंतु सांपडले तर पेनिसिलिनसारख्या औषधाचा पुरा क्रम घ्यावा, ह्यांत वाद नाहीं. वाद आहे तो महागड्या उपायांविषयीं. इतरांच्या रक्तांतून काढलेलीं संरक्षक द्रव्यें शिरेंतून देण्याच्या उपायानें १९९९ सालच्या एका लहान प्रयोगांत मुलांना गुण आला. २०१६ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत तो नुसत्या पाण्यासारख्या द्रवाहून निश्चितपणें सरस ठरला नाहीं. घर गहाण टाकण्यापूर्वीं हे दोन्ही आंकडे बापानें ऐकलेले असावे. निव्वळ टिक बहुतेकांत दहा-बारा वर्षांच्या सुमारास कळसास जाऊन पुढें ओसरते, आणि तिची चाहूल लागतांच दुसरी हालचाल करण्याचें शिक्षण पुष्कळांना उपयोगी पडतें.

ह्या सर्वांसाठीं प्रथम मुंबई गांठण्याची गरज नाहीं. अमरावतीस पंजाबराव देशमुख ह्यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून. डॉक्टरांपुढें मूल बहुधा शांत बसतें, म्हणून घरांतील हालचालीचें मोबाईलवर घेतलेलें चित्र, घसा दुखल्याची तारीख व पहिल्या हालचालीची तारीख बरोबर न्यावी. शाळेची जुनी व नवी वही शेजारीं ठेवून दाखवावी.

कोरिया ठरला तर दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई कित्येक वर्षें घ्यावी लागते. ती दुखते, आणि मूल हिंडूं-फिरूं लागलें कीं घरचे कंटाळतात. बहुतेक ती चुकते ती बदलीच्या वर्षीं: घर अमरावतीहून अकोल्यास हलतें, शाळेचा दाखला सांभाळून नेला जातो, आणि सुईचें कार्ड जुन्या कपाटांत राहतें.