बाजेवरून उठताना



घरातलं माणूस थकलं की आपण त्याला फार मायेनं सांगतो, "आता तुम्ही काही करू नका, निवांत बसून राहा." मग पाण्याचा तांब्या बाजेजवळ येतो, ताट जागेवर येतं, अंगण झाडायचं काम सुनेकडे जातं. बाहेरचे लोक म्हणतात, म्हातारीचं नशीब चांगलं. आणि वर्षभरात त्या म्हातारीला बाजेवरून उठायला दोन माणसं लागतात. आपण म्हणतो, वय झालं. वय झालेलं असतंच. पण तिच्या मांड्यांची ताकद निम्मीशिम्मी त्या बसण्यानं खाल्लेली असते.

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, अगदी धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. धडधाकट माणसांची ही गत, तर तापानं पंधरा दिवस पडून राहिलेल्या आजोबांचं काय होत असेल!

व्यायाम म्हटलं की आपली ज्येष्ठ मंडळी हसतात. "जन्मभर कापूस वेचला, निंदण केलं, हळदीची पोती उचलली, आता कसली तालीम?" बरोबर आहे, पण ते कष्ट बँकेत साठत नाहीत. स्नायू कालचा हिशेब ठेवत नाही.

दुसरीकडे डॉक्टर सांगतात, सकाळी फिरायला जा. सल्ला शहरातल्या बागेत शोभतो. आपल्या जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यावर अकोला-नांदेड महामार्ग गावाजवळून जातो, ट्रक आणि बसगाड्या रात्रंदिवस धावतात. काठी टेकत चालणाऱ्या आजीनं त्या रस्त्याच्या कडेनं फिरावं, असं मी तरी सांगणार नाही. गल्लीत, देवळापर्यंत जरूर चाला. पण ज्याचा तोल जातो, त्याला नुसतं चालणं पुरत नाही. त्याला पायांत बळ हवं आणि तोल सांभाळायची सवय हवी. ती दोन्ही घरातच मिळतात.

त्यासाठी एक खुर्ची लागते. बाज नको, ती सैल असते, बूड खाली जातं. प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पाय जमिनीवर नीट टेकायचे, थोडं पुढं वाकायचं आणि उठायचं. सुरुवातीला हातांचा आधार चालेल. मग सावकाश बसायचं, धपकन नाही. खरी मेहनत त्या बसण्यात आहे. दोनदाच जमलं तर दोनदा. आठ-दहा वेळा सहज जमायला लागलं की हातांचा आधार कमी करायचा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, धरूनच थोडा वेळ एका पायावर उभं राहायचं. शेजारी कुणीतरी घरचं माणूस हवं. नातवंडं मोजायला बसवली, तर तीही आवडीनं मोजतात.

एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. १९९० साली बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त माणसांना पायांनी वजन उचलायला लावलं. आठ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांना हलकंफुलकं काही दिलेलं नव्हतं. श्रम जाणवतील इतकं वजन होतं. न्यूझीलंडमध्ये ऐंशीच्या पुढच्या २३३ बायकांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. निम्म्या बायकांना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन व्यायाम शिकवला. वर्षभरात त्या ८८ वेळा पडल्या. उरलेल्या निम्म्या १५२ वेळा. आपल्याकडे खुब्याचं हाड मोडलं की घराचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आठवड्यातून किमान तीन दिवस हे करायचं. मांडी थोडी दुखली तर घाबरू नका. पण छातीत दुखलं, दम कोंडला, अंधारी आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर झोपेतून उठल्यावर आधी थोडा वेळ काठावर बसायचं, मग उभं राहायचं. हृदयविकार असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची.

आणि पोटात काही हवं. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या आजीला व्यायाम सांगणं म्हणजे छळ आहे. ज्या जिल्ह्यात तूर आणि सोयाबीन पिकतं, तिथल्या म्हाताऱ्यांच्या ताटात वरण पातळ का असावं? दात नसतील तर घट्ट वरण, दूध, दही, मऊ उकडलेलं अंडं द्या.

जे उठूच शकत नाहीत, त्यांचं काय? त्यांनाही काम आहे. अंथरुणावर पडूनच पावलं खालीवर करायची. गुडघा सरळ करून मांडी घट्ट आवळायची, पाच मोजायचे, सोडायची. कुशीवर वळताना आपण उचलण्याआधी त्यांना स्वतः जोर लावू द्यायचा. उशीर लागेल. लागू द्या. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. नेणं जमत नसेल तर गावातल्या आशाताईंना विचारा, त्या पुढची वाट सांगतील.