गळ टाकण्याजोगे तळे

गळाने मासे धरण्याचा छंद हा आळशी माणसांचा छंद समजला जातो. आणि तळ्याकाठी तासन् तास निश्चल बसलेल्या माणसाकडे पाहिले म्हणजे या समजुतीला बळकटीच येते. परंतु त्या माणसाचे खरे श्रम तो काठावर येऊन बसण्यापूर्वीच संपलेले असतात. ते श्रम म्हणजे तळे निवडण्याचे. तळे चुकले की काठी कितीही उत्तम असो, आमिष कितीही रुचकर असो, संध्याकाळी टोपली रिकामीच घरी जाते. कोकणात ज्याला 'गरवणे' म्हणतात त्या या विद्येची आपल्याकडील परंपरा लहान नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळाची दोरी आणि आमिष यांचा त्यात साक्षेपाने विचार केलेला असून, प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याचा परिचय आधुनिक अभ्यासकांना करून दिला. पुढे इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळावर एक ग्रंथ लिहिला. आणि तेवढ्याने समाधान न होऊन १८८७ मध्ये केवळ तळ्यातील गळावर दुसरा. नदीचे पाणी जाणणाऱ्या माणसालाही तळ्यासाठी वेगळे पुस्तक लिहावेसे वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ज्या मुलखात पाण्याची टंचाई असते तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. असेल ते तळे चांगले म्हणावे लागते. निवडीची खरी कसोटी लागते ती पाण्याच्या मुलखात, आणि असा मुलूख पाहावयाचा तर कुंभकोणम्‌चा पाहावा. मराठी माणसाला हे गाव परके नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून कीर्ती मिळविलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच गावी झाला. गावाच्या उत्तरेस कावेरी, दक्षिणेस तिचाच फाटा अरसलार, आणि मधल्या पट्टीत देवळागणिक एकेक पुष्करिणी. नवख्या माणसाला वाटावे की येथे खिडकीतूनही गळ टाकता येईल.

प्रत्यक्षात मात्र गावातल्या पाण्यावर गळवाल्याने नजर ठेवू नये हेच बरे. महामहम् तळे सोळा मंडपांनी वेढलेले, सहा एकरांहून थोडे अधिक. दर बारा वर्षांनी त्याच्या काठी भरणारा मेळा यापूर्वी २०१६ मध्ये भरला. देवळाच्या तळ्यांत मासे असतात, चांगले पोसलेले असतात, कारण भाविक त्यांना चुरमुरे टाकतात. पण ते मासे देवाचे. त्यांच्यावर गळ टाकणे म्हणजे कोणाच्या अंगणातली तुळस उपटण्यासारखे आहे. नदीचे म्हणाल तर कावेरी येथे वर्षभर वाहत नाही. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून त्रिभुज प्रदेशातील पाण्याचे पंचांग त्या धरणावरून ठरते. जून महिन्याच्या १२ तारखेस दरवाजे उघडावयाचे आणि जानेवारीच्या २८ तारखेस लावावयाचे असा प्रघात आहे. धरणात पाणी अपुरे असेल त्या वर्षी ही पहिली तारीखही पुढे जाते. उन्हाळ्यात कुंभकोणम्‌च्या पुलावरून खाली पाहिले तर पुष्कळदा वाळूच दिसते. म्हणून गळवाल्याला कोळ्ळिडम् नदी ओलांडून उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यांकडे वळावे लागते. तमिळमध्ये पाटबंधाऱ्याच्या अशा तळ्याला 'एरी' म्हणतात.

कोळ्ळिडम्‌पलीकडे दोन नावे कानावर येतात, आणि तळे कसे पारखावे याचा सगळा धडा त्या दोन नावांत आहे.

पहिले तळे गंगैकोंडचोळपुरम्‌चे. राजेंद्र चोळाने गंगेपर्यंत स्वारी करून आल्यावर ते खोदविले आणि त्याला चोळगंगम् असे नाव दिले. तिरुवालंगाडू येथील ताम्रपटात त्याला पाण्याचा जयस्तंभ म्हटले आहे. दक्षिणेकडून कोळ्ळिडम्‌चे आणि उत्तरेकडून वेळ्ळार नदीचे पाणी कालव्यांनी त्यात आणलेले होते. काळाच्या ओघात हे कालवे बुजले आणि त्या प्रचंड जयस्तंभाचे गवताळ मैदान झाले. आज पोन्नेरी या नावाने जे तळे तेथे आहे ते मुख्यतः पावसाच्या भरवशावर जगते. नकाशात ते मोठे दिसते, इतिहासात तर त्याहूनही मोठे. पण गळवाल्याला नकाशाचा आणि इतिहासाचा उपयोग नाही. जे तळे दोन वर्षांत एकदा तळापर्यंत सुकते त्यात मासा मोठा होण्याला अवकाशच मिळत नाही.

दुसरे तळे वीराणम्. ते याहूनही जुने, दहाव्या शतकातल्या पहिल्या परांतक चोळाच्या काळातले. त्याच्या वीरनारायण या बिरुदावरून त्याचे नाव पडले. कल्कींच्या 'पोन्नियिन् सेल्वन' या कादंबरीचा आरंभ याच तळ्याच्या बांधावर होतो, त्यामुळे तमिळ वाचकाला ते न पाहताही पाहिल्यासारखे असते. काट्टुमन्नारकोविल गावाजवळचे हे तळे सुमारे १४ किलोमीटर लांब असून त्यावर जवळजवळ ४५,००० एकर शेती भिजते. ते हजार वर्षे टिकले याचे कारण त्याच्या आकारात शोधू नये. वडवार नावाच्या कालव्यात शोधावे. कोळ्ळिडम्‌वर अणैक्करै येथे सर आर्थर कॉटन यांच्या योजनेनुसार १८३६ मध्ये जो खालचा बंधारा बांधला गेला, त्याच्यामागे अडलेले पाणी वडवारमधून वीराणम्‌मध्ये येते. या बंधाऱ्यासाठी लागलेला दगड गंगैकोंडचोळपुरम्‌च्या देवळाची तटभिंत पाडून नेला, असे सांगतात. एका तळ्याच्या राजधानीचे दगड दुसऱ्या तळ्याचे पाणी अडविण्याच्या कामी आले. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो.

तेव्हा तळे पाहावयास जाणाऱ्याने आधी कालवा पाहावा. तो वाहता आहे की बेशरमाच्या झाडोऱ्याने भरला आहे, त्याच्या काठची माती ओली आहे की भेगाळलेली, हे पाहिले की तळ्याची अर्धी कुंडली हाती येते. महाराष्ट्रातले तळे डोक्यावरच्या ढगांनी जूननंतर भरते, आणि भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांची पारख तेथील धीवर पावसाच्या पाणलोटावरूनच करतात. वीराणम्‌चे तसे नाही. ते प्रथम भरते ते सह्याद्रीच्याच रांगेत, कोडगूच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाने. आणि मग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी वारे त्यात आपली भर घालतात. त्यामुळे ज्या दिवसांत देशावर हिवाळा रंगात येतो त्या दिवसांत येथे पाणी गढूळ आणि चढते असते. पाणी निवळून स्थिर होते ते जानेवारीच्या सुमारास, आणि तेथून मार्चपर्यंतचा काळ गळाला उत्तम.

मग तळ्याचा काठ. वीराणम्‌चा बांध पूर्वेकडे आहे आणि पश्चिमेकडे पाणी उथळ होत होत शेतांना भिडते. या दोन काठांवर दोन निरनिराळी तळी आहेत असेच समजावे. बांधाकडे पाणी खोल. मोरीच्या, म्हणजे तमिळ 'मदगु'च्या, तोंडाशी प्रवाहाने खड्डा पडलेला असतो आणि तेथे वाळै हा मोठ्या तोंडाचा दातेरी शिकारी दबा धरून राहतो. संस्कृत ग्रंथांतला पाठीन तो हाच, असे अभ्यासकांचे मत आहे. पश्चिमेच्या पाणवनस्पतींत मरळ सापडतो, ज्याला तेथे विराल म्हणतात. तो हवेत श्वास घेण्यासाठी वरचेवर पृष्ठभागी येतो आणि त्या बुडबुड्यावरून आपला ठाव सांगून जातो. मात्र लालसर पिलांचा थवा पाण्यावर वळवळताना दिसला की तेथे गळ टाकू नये; त्या थव्याखाली त्यांचे आईबाप राखणीला असतात आणि रागाच्या भरात कशावरही तोंड टाकतात. असा मासा धरणे सोपे असते, आणि एक मासा धरून शेकडो पिले बगळ्यांच्या हवाली करणे हा त्याचा हिशेब असतो. कटला पृष्ठभागाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी. तेव्हा आमिष किती खोल सोडावे हे मासा ठरवितो, माणूस नव्हे.

पाण्याचा रंगही पाहावा. फिकट हिरवा रंग सूक्ष्म जीवांचा, म्हणजे माशांच्या अन्नाचा. तोच रंग घोटलेल्या पानांसारखा दाट झाला आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले, तर त्या पाण्यात प्राणवायू कमी आहे असे जाणावे आणि दुसरीकडे जावे. लहान तळ्यात गळाला एकसारखे बोटभर तिलापियाच येऊ लागले तरीही तेच. १९५२ मध्ये बाहेरून आणलेला हा मासा कोठेही जगतो आणि इतका वाढतो की अखेरीस कोणालाच वाढू देत नाही.

चांगले दिसणारे प्रत्येक तळे गळासाठी मोकळे असतेच असे नाही. अरियलूर जिल्ह्यातील करैवेट्टी आणि मन्नारगुडीच्या वाटेवरील वडुवूर ही दोन्ही पाटाच्या पाण्यावर भरणारी सुंदर तळी. पण ती पक्ष्यांची अभयारण्ये आहेत, तेथे दुर्बीण न्यावी, काठी नव्हे. इतर तळ्यांतील मासेमारीचा हक्क बहुधा लिलावाने किंवा मक्त्याने दिलेला असतो. त्यात बी सोडण्यासाठी कोणीतरी पैसा ओतलेला असतो, कोणाचे तरी वर्षाचे पोट त्यावर अवलंबून असते. त्या माणसाला किंवा मच्छीमारांच्या संस्थेला विचारल्यावाचून काठावर बसणे ही चोरीच, मग गळाला एकच मासा का लागेना. विचारले तर सहसा नकार येत नाही, आणि मासा कोठे आहे हेही तोच माणूस सांगतो.

खालच्या बंधाऱ्याशी एके काळी हिलसा, बंगाल्यांचा इलिश, समुद्रातून कोळ्ळिडम्‌च्या पुरावर चढून येत असे. मेट्टूरने पूर अडविले आणि त्याचे येणे रोडावत गेले. वीराणम्‌वरही आता नवा भार आहे. २००४ पासून त्याचे पाणी नळाने २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या चेन्नई शहराला जाते, दिवसाला सुमारे १८ कोटी लिटर. शहराची तहान रास्त आहे, शेतकऱ्याचा हक्कही रास्त आहे, आणि माशाची बाजू मांडणारे कोणी नाही. मेट्टूरमध्ये पाणी नसते त्या वर्षी वडवार कोरडा पडतो आणि वीराणम्‌चाही तळ उघडा पडल्याचे उन्हाळे काट्टुमन्नारकोविलच्या लोकांनी पाहिले आहेत. अशा उन्हाळ्यानंतरच्या वर्षी तेथे जाऊ नये. नव्याने सोडलेल्या कटल्याच्या बोटुकल्यांना गळाजोगे होण्यास वर्ष-दीड वर्ष तरी लागते. म्हणून कुंभकोणम्‌हून अणैक्करैच्या पुलाकडे जाणारी बस पकडण्यापूर्वी एवढेच विचारून घ्यावे, की गेल्या वैशाखात तळ्यात पाणी होते काय.