ओल्या काचेवरील तसबिरी
(मंडळाच्या साकीनाका येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस पंधरा मिनिटे दिली आहेत. आमचा विषय असा आहे की, ज्यातील एका तसबिरीस साधारण तेवढाच वेळ लागतो. यास्तव प्रस्तावना न करता आरंभ करतो.

सेवानिवृत्तीनंतर गेली दोन वर्षे आम्ही ओल्या काचेवर छायाचित्र घेण्याची जुनी विद्या शिकत आहो. आमचा एक माजी विद्यार्थी येथेच खैरानी रस्त्यावरील गाळ्यात काच कापण्याचा व्यवसाय करतो. काच त्याची, पेटी शेजारच्या सुताराची, आणि गुरू एक तिशीतला छायाचित्रकार. छत्तीस वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेतल्यानंतर आपण पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे, यात आम्हांस कमीपणा वाटला नाही. उलट मौज वाटली.

ही रीत लंडनचा शिल्पकार फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केली. तिचे हक्क त्याने स्वतःकडे राखले नाहीत. जगभरच्या छायाचित्रकारांनी तिच्यावर पैसा मिळविला आणि आर्चर १८५७ साली गरिबीत वारला. आपल्या मुंबईने मात्र या विद्येचे स्वागत फार लवकर केले. १८५४ साली येथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ चालविला. ज्या काळी गावोगावच्या शाळा नुकत्या कोठे निघत होत्या, त्या काळी आपली माणसे ही विद्या वर्गात बसून शिकत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता कृती सांगतो. कापूस तीव्र अम्लांत भिजवून तयार केलेला स्फोटक कापूस ईथर व मद्यार्क यांत विरघळविला म्हणजे कोलोडियन नावाचा चिकट द्रव होतो. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळतात. स्वच्छ पुसलेली काच बोटांच्या टोकांवर तोलून तिच्या मध्यावर हा द्रव ओतावयाचा, चारही कोपऱ्यांस फिरवावयाचा आणि उरलेला एका कोपऱ्याने बाटलीत परत घ्यावयाचा. ऐकावयास सोपे, हाताला वळण लागण्यास आम्हांस दोन महिने लागले. मग तांबड्या दिव्याच्या खोलीत ती काच तीनचार मिनिटे सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवितात. तेथून पुढे घाई. काच ओली आहे तोवरच चित्र घेतले पाहिजे आणि ओली आहे तोवरच ते उठविले पाहिजे. उठविण्यासाठी लागतो तो आपला रंगाऱ्यांच्या ओळखीचा हिराकस. शेवटी हायपो. जुने लोक हायपोऐवजी सायनाइड वापरीत. त्या जहाल विषाच्या वाटेस आम्ही जात नाही व कोणी जाऊ नये.

ईथर सुमारे ३५ अंशांवर उकळते. साकीनाक्याच्या पत्र्याखाली वैशाखात काय होत असेल याची कल्पना करावी. म्हणून आम्ही थंडीच्या दिवसांत, सकाळी आठ ते दहा एवढ्याच वेळात काम करितो.

सावलीच्या उजेडात पाच ते दहा सेकंद निश्चळ बसावे लागते. जुन्या तसबिरींतील आपले आजोबा रागावलेले दिसतात ते स्वभावाने तसे होते म्हणून नव्हे. तितका वेळ हसू धरून ठेवणे कोणासच साधत नाही, आणि मागे मानेस लोखंडी टेकू लावलेला असे.

या काचेस निळा रंग पांढरा दिसतो आणि तांबडा काळा. आपल्या मंडळातील ऐंशी वर्षांच्या एका काकूंची तसबीर आम्ही घेतली. त्यांनी ती हातात घेतली, कपाळावरचे काळे कुंकू पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे चालेल. पण माझा पदर उजव्या खांद्यावर कसा हो गेला?" प्रश्न अगदी मार्मिक. भिंगातून आलेली प्रतिमा आरशासारखी उलटी पडते. पत्र्यावर घेतलेले चित्र उलटेच राहते. काचेची मात्र युक्ती आहे: चित्राच्या बाजूस काळा रंग द्यावा आणि काचेच्या पाठीकडून पाहावे, म्हणजे पदर जागच्या जागी येतो. काकूंचा पदर आम्ही असा सरळ करून दिला. त्यांच्या सासूबाईंची एकही तसबीर घरात नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय या व्यासपीठावर आणला, ती सांगतो. विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने मुंबईतील नाना जातिजमातींच्या तसबिरींचे दोन खंड १८६३ व १८६६ साली काढले. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात सबंध हिंदुस्थानातील लोकांचे आठ खंड छापविले. या चित्रांखाली बहुधा जात लिहिलेली आहे. माणसाचे नाव नाही. जॉन्सनने तर स्टुडिओत घेतलेल्या माणसांमागे निराळेच देखावे जोडले. ज्ञातीचे नाव टिकावे म्हणून आपण हे मंडळ चालवितो, ते योग्यच आहे. पण ज्या बाईने तेथे मान ताठ धरून श्वास रोखला, तिचे नाव काय, हे आज तिच्या पणतूसही सांगता येणार नाही. आपल्या स्वतःच्या घरांतील जुन्या तसबिरींची स्थिती याहून वेगळी आहे काय? मागच्या बाजू कोऱ्या आहेत. ज्यांना चेहरे ओळखता येतात, ती माणसे आज सभागृहात पुढच्या रांगेत बसलेली आहेत.

आम्ही घेतलेल्या प्रत्येक काचेसोबत एक चिठ्ठी ठेवतो: पूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव, वर्ष. माहेरचे नाव आम्ही आग्रहाने लिहवून घेतो.

घरात जुन्या काचा सापडल्यास त्या पाण्याने धुऊ नयेत, फडक्याने पुसू नयेत. कडांनी धराव्यात, एकेक कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. कागदावर आधी पेन्सिलीने नाव लिहावे व मग गुंडाळावे. काचेवर दाबून लिहू नये.

पुढील मार्गशीर्षात दर रविवारी सकाळी गाळ्यात आमचे काम सुरू राहील. एका सकाळी चारच तसबिरी होतात, तेव्हा वयाने ज्येष्ठांनी आधी यावे, आणि निळे पातळ शक्यतो नेसू नये.