गर्भिणीचा रक्तदाब आणि बाळाचें कॅल्शियम

गर्भारपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर चढावा आणि लघवींतून प्रथिनें जाऊं लागावीं, अशा विकारास वैद्यकांत प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. आरंभीं त्यांत दुखत-खुपत बहुधा कांहींच नसतें, म्हणून तो अधिक घातक. तो बळावला तर झटके येतात आणि माता व मूल दोघांच्याही जिवावर बेततें. या विकाराचा हाडें घडविणाऱ्या कॅल्शियमशीं काय संबंध, हें कळणें प्रत्येक घरास उपयोगाचें आहे.

या संबंधाकडे संशोधकांचें लक्ष वेधलें तें मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशानें. तेथील माया लोक गरीब. तरीही त्यांच्या स्त्रियांत हा विकार विरळा. त्यांचें मुख्य अन्न मका, आणि तो दळण्यापूर्वीं चुन्याच्या पाण्यांत शिजवून भिजत ठेवण्याची त्यांची जुनी चाल. या चुन्यानेंच त्यांचें रक्षण होत असावें, असा तर्क १९८० सालीं बेलिझान व व्हिलार या संशोधकांनीं मांडला.

त्याची उपपत्ति अशी. आहारांत कॅल्शियम तोकडें पडलें कीं रक्तांतील त्याची पातळी राखण्यासाठीं गळ्यांतील परावटु ग्रंथींचा स्राव वाढतो व हाडांतून उसनवारी सुरू होते. त्याच वेळीं रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत कॅल्शियम अधिक शिरतें, वाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. ताटांत टंचाई असतां पेशींत मात्र गर्दी होते!

१९९१ सालीं अर्जेंटिनांतील रोझारिओ शहरच्या ११९४ गर्भिणींवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज २ ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांपैकीं ९.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकीं १४.८ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढला होता. उलट १९९७ सालच्या अमेरिकेंतील ४५८९ स्त्रियांच्या प्रयोगांत लाभ दिसला नाहीं. त्यांच्या आहारांत कॅल्शियम मुळांतच पुरेसें होतें. तात्पर्य, गोळीचा उपयोग संभवतो तो जेथें आहार अपुरा तेथें. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शनांत चौदाव्या आठवड्यापासून रोज १ ग्रॅम, दोन गोळ्यांत विभागून, घेण्यास सांगितलें आहे. ही गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊं नये. लोह नीट शोषलें जात नाहीं.

आतां बाळाकडे वळूं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगांत सुमारें ३० ग्रॅम कॅल्शियम असतें, आणि त्यांतील बहुतांश अखेरच्या तीन महिन्यांत आईकडून येतें. वार तें इतक्या नेटानें पुढें धाडते कीं जन्मसमयीं बाळाच्या रक्तांतील पातळी आईपेक्षां वरचढ असते. नाळ कापली कीं हा पुरवठा एकाएकीं तुटतो व पहिल्या एकदोन दिवसांत पातळी उतरते. सुदृढ बाळ आपलें आपण सांवरतें. परंतु प्री-एक्लॅम्प्सियांत वार दुबळी असते. बाळ पुष्कळदां अपुऱ्या दिवसांचें व कमी वजनाचें जन्मतें. त्यास हा उतार जड जातो. हातपाय थरथरणें, श्वास अडखळणें, झटके येणें हीं त्याचीं लक्षणें होत. थंडी वाजत असेल असें समजून बाळास दुपट्यांत गुंडाळीत बसूं नये. तत्काळ डॉक्टरांना दाखवावें.

आईचे झटके टाळण्यासाठीं मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांवर स्त्रियांच्या चांचणींत त्यानें झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. हें औषध रक्तांतील कॅल्शियम कांहींसें उतरवितें; आणि त्याची मात्रा अधिक झाल्यास उतारा म्हणून शिरेंतून कॅल्शियमच द्यावें लागतें. यास्तव तें रुग्णालयाच्या देखरेखीखालींच दिलें जातें.

नाचणीची भाकरी, दूध, दही, तीळ हे पदार्थ गर्भिणीच्या ताटांत नित्य असावेत. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. मात्र चढलेला दाब गोळीनें वा नाचणीनें उतरत नाहीं. प्रत्येक तपासणीस रक्तदाब मोजून घेणें हेंच खरें रक्षण. डोकें सतत दुखणें, डोळ्यांपुढें अंधेरी येणें, पोटाच्या वरच्या भागीं कळ येणें यांपैकीं एकही लक्षण दिसतांच, बाळंतपण होऊन गेलें असलें तरी, त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.