स्वागताध्यक्षांचे भाषण : पदव्युत्तर शिक्षण परिषद, अलिबाग



कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागेत आपले मनःपूर्वक स्वागत. कोणी मांडव्याच्या बोटीने आलात, कोणी वडखळला वाहनांच्या रांगेत अडकून. पण आलात, याचा आनंद आहे.

संशोधन या गावाला नवे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्या की तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली इथे चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या नोंदी जगभर वापरल्या जातात; मात्र तिच्या शेजारी वाढलेल्या मुलीला हव्या त्या विषयात एम.एस्सी. करायची, तर बहुधा घर सोडावे लागते.

यावर उपाय काय? कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी १९२५ पासून एक विद्यापीठ फक्त पदवीनंतरचे शिक्षण देते. शेजारची पदवी महाविद्यालये स्वतंत्र आहेत, पण ग्रंथालय सर्वांचे एक. आपल्याकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारने बंद केले. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, आणि १९३९ साली ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे तिथेच विद्यार्थी घडवत राहिले. १९९० साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी आपल्या चौलला उत्खनन करून प्राचीन बंदराचा माग काढला. बंदर आपले, कुदळ मात्र पुण्याहून आली!

आपल्या जिल्ह्यात मात्र पेणपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःचा पदव्युत्तर विभाग हवा असतो. मग चार ठिकाणी अर्धे वर्ग भरतात आणि प्रयोगशाळा एकही धड होत नाही. माझी विनंती एवढीच : पदवीचे वर्ग ज्याचे त्याच्याकडे राहू द्या, पुढचे शिक्षण मात्र एकत्र चालवू या. मासेमारी, खारभूमी, किनाऱ्याचा इतिहास हे विषय आपल्या दारातच आहेत. सुरुवातीला एक सामाईक ग्रंथालय आणि एक विषय पुरे. केंद्र कोणत्या गावी, यावर भांडण होईल. ते इथेच, या दोन दिवसांत मिटवा.

संध्याकाळी वालाच्या शेंगांची पोपटी लावली आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. ठराव मात्र उणा ठेवू नका. उद्घाटकांनी आता परिषदेचे उद्घाटन करावे, ही विनंती.