भाषांतरणानंतरचे संस्कार
(हीरकमहोत्सवानिमित्त नगरा, झाशी येथे दिलेले व्याख्यान)



हीरकमहोत्सवाच्या या प्रसंगी आपल्या शाळेने मला माझ्या विषयावर मराठीतून बोलावयास सांगितले, हा मी स्वतःचा गौरव समजतो.

येथील अनेक पालकांनी मधुमेहासाठी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी करून घेतली असेल. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून चिकटलेल्या साखरेचे प्रमाण मागील दोन-तीन महिन्यांची हकीकत सांगते. जनुक तेच, प्रथिनही तेच. त्यावर नंतर उमटलेली खूण मात्र नवी.

जनुकातील संदेशानुसार प्रथिन तयार होण्याच्या क्रियेला आपली पाठ्यपुस्तके ‘भाषांतरण’ म्हणतात. त्यानंतर प्रथिनावर जे संस्कार होतात, ते भाषांतरणोत्तर बदल. साखरेची खूण आपोआप पडते. इतर बऱ्याच खुणा पेशी विकरांकरवी उमटवते. फॉस्फेटचा गट जोडला की एखादे प्रथिन कामाला लागते आणि काढला की थांबते. काही प्रथिनांत याच्या उलटही घडते. या शोधासाठी एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले. युबिक्विटिन नावाचे चिमुकले प्रथिन जोडले गेले, तर तो बहुधा त्या प्रथिनाला मोडीत काढण्याचा हुकूम असतो.

या खुणांचा ताळ सुटला की आजार उद्भवतात. रक्ताच्या एका कर्करोगात फॉस्फेट जोडणारे एक विकर बेफाम होते. इमॅटिनिब हे औषध त्यालाच आवरते. या औषधाच्या एका सुधारित रूपावरील पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले आणि भारतीय कंपन्यांना ते स्वस्तात बनवण्याचा मार्ग खुला राहिला. पेशीतील एका खुणेचा संबंध असा थेट गरीब रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचतो.

मानवी शरीरात फॉस्फेट जोडणारी पाचशेहून अधिक विकरे आहेत. कोणते विकर कोणत्या प्रथिनावर खूण करते, हे एकेक करून तपासू म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. येथे प्रोटीन मायक्रोअॅरे उपयोगी पडतो. आपल्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीएवढ्या पट्टीवर हजारो प्रथिनांचे ठिपके ओळीने बसवलेले असतात. कोणता ठिपका कशाचा, याची नोंद असते. पट्टीवर विकर आणि किरणोत्सारी फॉस्फेट असलेले द्रावण सोडावे, काही वेळाने धुवावे. जेथे खूण उमटली तो ठिपका उठून दिसतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात मायकेल स्नायडर यांच्या गटाने २००५ मध्ये यीस्टच्या विकरांसाठी हेच केले आणि १,३०० हून अधिक प्रथिनांवरील ४,००० हून अधिक खुणा नोंदवल्या.

पुढे एकट्या विकराऐवजी पेशींचा संपूर्ण अर्कच पट्टीवर सोडण्यात आला. हार्वर्डमधील यिफात मेर्ब्ल व मार्क कर्शनर यांनी २००९ मध्ये विभाजनाच्या वेगवेगळ्या स्थितींतील पेशींचे अर्क घेऊन कोणत्या प्रथिनांना युबिक्विटिन लागते, याची तुलना केली. खूण ओळखणारी प्रतिपिंडे ठिपके दाखवून देतात. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत याच साधनाने मेंदूच्या ग्लायोमा या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासण्यात आली आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. काचेवर सारी प्रथिने शेजारी असतात. पेशीत ती वेगवेगळ्या दालनांत राहतात आणि त्यांची कधी गाठही पडत नाही. म्हणून काचेवरील ठिपका शोधाची दिशा दाखवतो. खरा निवाडा जिवंत पेशीत पडताळणी केल्यावरच होतो. ही पडताळणी टाळून केलेली घाई अखेर रुग्णालाच महागात पडते.

विद्यार्थिमित्रांनो, आलेले उत्तर पुन्हा तपासून पाहण्याची सवय मला शाळेच्या फळ्यापुढे, गुरुजनांनी लावली. जन्माने मिळालेल्या गोष्टींवर नंतर झालेला तो संस्कार आजही माझ्या कामी येतो. तो याच भाषेतून झाला, याचे ऋण व्यक्त करून मी थांबतो.